कोणाची खोली कोणती

मंडळी,

तुम्ही हातची कामं टाकून आलात. जळकोटहूनही माणसं आली आहेत. मला धड बोलता येईल असं वाटत नाही. पण सिद्रामअण्णांसाठी आज गप्प बसणंही बरं नाही.

हे घर आम्ही चार कुटुंबांनी मिळून घेतलं. नातं न्हाय, गोत न्हाय. पहिल्याच वर्षी उजेडाच्या खोलीवरून भांडणं झाली. तेव्हा अण्णांनी रीत घातली: दर पाडव्याला खोल्या बदलायच्या. मी चिडून म्हणालो, "अण्णा, ह्ये बिऱ्हाड हाय का आठवड्याचा बाजार?"

ते म्हणाले, "तुला उजेड पायजे, तर त्यालाबी पायजे की."

देवघर तेवढं कधी हललं नाही. चौघांचे देव एकाच जागी.

पुढं आमच्यातला विश्वनाथ निजाम सरकारविरुद्ध लढायला सरहद्दीपारच्या कॅम्पात गेला. त्याचा घरातला हिस्सा जप्त करायला सरकारी अमीन आला. "उसका कमरा कौनसा?"

अण्णा म्हणाले, "सायेब, गेल्या साली ह्यो कमरा. यंदा त्यो. पाडव्याला तिसरा. कंच्याला कुलूप घालता?"

शिपाई हसला. अमीन हसला नाही. अण्णांना चावडीवर दोन दिवस उन्हात उभं केलं. प्रश्न एकच. उत्तरही एकच: "घर चौघांचं हाय." तिसऱ्या दिवशी बाजेवर घालून आणलं. परवा ते गेले.

आणि मी? अमीनानं विचारलं तेव्हा विश्वनाथची यंदाची खोली दाखवायला माझं बोट उचललं होतं. लेकरं डोळ्यापुढं आली होती. अण्णांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. बोट खाली आलं.

उद्या अमीन परत येणार आहे. चार हिस्से आखून द्या, नाहीतर सगळं घर जप्त, असा निरोप आहे. अण्णांच्या मागं आम्ही भिंती घालायच्या का?

काल अण्णांच्या घरच्या, आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, "भावजी, पाडवा लांब हाय. उद्याच खोल्या बदला."

"वहिनी, दुखवट्यात?"

"देवाला मी सांगते."

म्हणून आजच खोल्या बदलणार. उद्या मला विचारलं, तर मीही सांगेन, घर चौघांचं आहे. घ्यायचं तर चौघांचं घ्या. इथं अमीनाचं कोणी बसलं असेल, तर त्यानं हे नीट जाऊन सांगावं.

आता हात जोडून जरा वेळ उगी राहू. मग तरण्या माणसांनी आत यावं. धान्याच्या कणग्या जड आहेत.

अण्णा, नमस्कार घ्या.