सुलीचा खणखणीत आवाज

पोरींना धीट करा म्हणतोस, पण गड्या, माझं काय झालं ते ऐक.

आटपाडीत मी पोरींना खो-खो शिकवतो. आमची सुली पळायला लय भारी, पण 'खो' म्हणायची तोंडातल्या तोंडात, आणि पंच फाऊल द्यायचे. मेंढपाळाची पोर, माणसापुढं मान वर करायची न्हाई.

मी म्हणालो, "सुले, मेंढरांना हाळी देतीस तसं वरड की!"

वर्षभरात असा आवाज फुटला की मी तिला कॅप्टनच केलं. रोज सांगायचो, "निर्णय तू घ्यायचा, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायचा."

जिल्ह्याच्या मॅचच्या आदल्या दिवशी आली. "सर, शारदाला कॅप्टन करा. तिला सगळं शिकवलंय मी."

"आणि तू गं?"

"उद्या मेंढरं कोकणात निघाल्यात. आईला आता चालवत न्हाई. मीच म्हणाले घरात, मी जाते."

"मग परत आल्यावर खेळ की."

"न्हाई सर. शाळाच सोडली."

माझ्या डोळ्यांत बघून, खणखणीत आवाजात सांगितलं तिनं. मान खाली गेली ती माझी.