रोज एकच कॅप्सूल

मी, खाली सही करणारी, वय ४७ वर्षे, धंदा पुस्तकबांधणी, राहणार घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरची खोली, आज दुपारी आपणहून पोलीस ठाण्यात येऊन सांगते की,

मी वरील ठिकाणी पतीसह राहते. खालचे दुकान त्यांचे आहे. त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर असून ऑपरेशन व केमोचे सात डोस झाले आहेत. पाचव्या डोसनंतर त्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. घड्याळाचा स्क्रू चिमट्यातून सुटे आणि सुटल्याचे त्यांना कळत नसे. ते दुकान उघडून नुसते बसत.

म्हणून मी गेल्या महिन्याच्या चार तारखेस वनौषधीच्या दुकानात गेले. दुकानवाल्या बाईंनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या. त्या म्हणाल्या, "ताई, हे औषध नाही, औषधाला जोड आहे. रोज एकच द्या. आधी डॉक्टरांना विचारा." मी हो म्हटले.

मी डॉक्टरांना विचारले नाही. डॉक्टर नको म्हणतील अशी धास्ती होती.

आठवड्याने पती म्हणाले, "आज चिमटा हाताला जाणवतोय गं." त्या दिवसापासून मी सकाळी दोन, संध्याकाळी दोन देऊ लागले. डॉक्टरांनीच वाढवल्यात, असे त्यांना सांगितले.

तीन आठवड्यांनी त्यांचे डोळे पिवळे दिसले. दवाखान्यात यकृताला सूज निघाली. आणखी काय घेतात, असे डॉक्टरांनी तीनदा विचारले. दोनदा मी समजून उमजून काही नाही म्हणाले. तिसऱ्यांदा बाटली काढून दिली. आठवा डोस थांबवला आहे. डॉक्टर म्हणाल्या, "वनस्पतींमधल्या काही गोष्टींचा आधार होतोही. पण मला माहीत तर हवं ना?"

धाकट्या दिरांनी दुकानवाल्या बाईंविरुद्ध तक्रार दिली. ते मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त सही करा. बाकी मी बघतो." काल बाईंना चौकशीसाठी इथे आणल्याचे कळले. बाईंची चूक नाही.

आज सकाळी मी हे सर्व पतीला सांगितले. ते भिंतीकडे वळले. मग त्यांनी विचारले, "पुढचा डोस देणार आहेत ना?" डॉक्टरांनी ते अजून सांगितलेले नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. डॉक्टरांपासून लपवल्याच्या ठिकाणी 'गैरसमजातून' असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'समजून उमजून' असे केले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.