गारच आहे गं, आई

रामकुंडावर नवऱ्याच्या दहाव्याला आलेली ललिता आपला नंबर यायची वाट बघत होती. शेजारच्या कुटुंबातली आई गेली होती आणि तिच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. मुलगी आरोही आणि तिचे काका पिंडासमोर हात जोडून उभे होते.

"वहिनी, आरोहीचं लग्न आम्ही थाटात लावून देऊ."

"नाही शिवत, काका."

"मग तूच बोल. तुझ्यातच जीव अडकलाय तिचा."

"दर रविवारी फोनवर विचारायची, झालं का गं तुझं गार?"

"काय गार?"

"माझ्या प्रयोगातला तुकडा. मोबाइलच्या चिपसारखा. बर्फाहून कितीतरी गार करून मोठ्या चुंबकात ठेवला, की त्यातले इलेक्ट्रॉन सगळे मिळून असे वागतात, जणू एकेकाचे तीन हिस्से झालेत. आत्ता कुठे ते दिसायला लागलं होतं."

"मग तेच सांग तिला."

"आई, गारच आहे गं. मोजमाप चालू आहे. तू काळजी करू नकोस."

"शिवला! शिवला बघ!"

"हो."

"मग आता रडतेस कशाला? परत जा, काम पुरं कर."

"मागे सांभाळायला कोणी नव्हतं, काका. गार ठेवणारं यंत्र बंद करून आले. एकदा गरम झालेला तुकडा पुन्हा तसा होत नाही."

गुरुजींनी हाक मारली. ललिता पिंडाचं पान घेऊन उठली. नवऱ्याला कुठलं खोटं सांगायचं, ते तिला आता सुचलं होतं.