मुलाखतीला न आलेली ईश्वरी

हॅलो?... हो, जयमालाच बोलतेय. द्रोणागिरीचं गोडाऊन, भरती मीच बघते... ईश्वरीच्या नंबरवरून तुमी कोण बोलताय? सकाळपासून वाट बघतेय मी तिची, मुलाखत आहे!... काय?... अशी मुलगीच नाही?

प्रोफेसर?... कसलं संशोधन?... म्हणजे खोटे अर्ज पाठवलेत तुमी? अहो सर, इथे कंटेनर अडकलेत, डिस्पॅचला माणूस नाही, आणि तुमी एसीत बसून आमची गंमत बघता?... कंपन्या कुणाला बोलावतात, ते तपासताय? तुमाला विचारलं कुणी?

कोण खैरुन्निसा?... आला असेल अर्ज, ढिगाने येतात... तीच डिग्री, तोच अनुभव, फक्त नाव वेगळं?... बरं मग?... अहो, नाही दिसला मला!

जयमालाला तो अर्ज चांगला आठवत होता. तिने तो उघडला होता, नाव वाचलं होतं आणि सरळ पुढच्या अर्जाकडे वळली होती. आता मात्र तिचा पारा असा चढला, की पलीकडच्या बिचाऱ्याला बोलायची सोय उरली नाही.

काय?... नावावरून वगैरे भलतं काही चिकटवू नका आमाला! ईदला आमच्या ऑफिसात शीरखुर्मा असतो, कळलं?... ऐका, ऐका तर! बाजूच्या टेबलावर आमची बतूल बसते. तिलाच विचारा... नाही, आत्ताच विचारा! बतूल, ये गं. सांग यांना, आपल्याकडे असलं काही नसतं.

मोठ्या तोऱ्यात जयमालाने रिसीव्हर बतूलच्या हातात दिला.

हॅलो... हो सर, बतूल... हो, मॅडम चांगल्या आहेत. डब्यातलं देतात मला... मी कशी लागले? जाफरमामूंनी लावलं. त्यांचे ट्रेलर इथेच चालतात ना, ते मोठ्या साहेबांशी बोलले... त्याच्या आधी?... हो, केला होता अर्ज. दोनदा.

जयमालाने रिसीव्हरसाठी हात पुढे केला. बतूल खिडकीकडे वळली.

नाही सर... नाही, फोन नव्हता आला. दोन्ही वेळेला नाही... अर्ज ढिगात गेला असेल... हो, डिग्री हीच होती... नको सर, माझं नाव नका लिहू. नोकरी करायचीय मला... ठेवते हं. मॅडम बघतायत.