पट्टी सोडून बघणारा

वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसलेल्या रोहिणीबाईंनी मासिक उघडून धरलं होतं खरं, पण कान मागच्या बाकाकडे होते. तिथे एक बाई सोनोग्राफी करून नवऱ्याशेजारी येऊन बसली होती.

"काय म्हणाली गो डॉक्टरीण?"

"सहावो आठवडो लागलो हा. तांदळाच्या दाण्यायेवढा आसा. काळजाचो ठोको अजून दिसणा नाय. धा दिवसांनी परत येवक सांगितल्यान."

"धा दिवस! परवा नाय बघूचा?"

"तुमी आंब्याची कलमा बांधतास मां? गिऱ्हाइकाक काय सांगतास?"

"वीस दिवस पट्टी सोडूची नाय. सोडून बघलास काय कलम मेला."

"आणि जो सोडून बघता, तेका काय म्हणतास?"

"गाढव."

"मगे?"

"मगे काय, गाढव तुझ्या बाजूक बसलो हा. खरा सांगू? वीस वर्षा झाली, पण जेची पट्टी मी लपान सोडून बघूक नाय, असा एक कलम नाय."

"आणि ती जगली?"

"बरीचशी जगली गो. म्हणान विचारतंय, परवा येवया?"

"परवा नको."

"बरा."

"उद्याच येवया."