चिंचपेटीचं माप

“तिच्या गळ्याचं माप मला कुठे ठाऊक? तेरेसा, तूच उभी राहा.” — असं म्हणाल्या हो सासूबाई, आत्मारामकाका, आत्ताच, दार अर्धं उघडं होतं, माझ्या कानांनी ऐकलं. तुम्ही शेजारच्या खोलीतले, तुम्ही नाही ऐकलंत? हां, कानाचं मशीन खिशात दिसतंय — राहू द्या, तिथेच बरंय. सरका, बसते जरा.

माझ्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने आहेत ते, काका. सुनेचे! आणि गळा कुणाचा, तर इथल्या नर्सबाईंचा. म्हणजे तेरेसा चांगलीच आहे, नाही कुठे म्हणतेय मी? बीपी बघते, गुडघ्यांचे व्यायाम करून घेते, खाली डॉक्टरांकडे नेते, बाथरूममधली बेल वाजली की धावत येते — ते तिचं कामच आहे. पण वेणी? वेणी घालणं कामात येतं का? आणि घालताना एवढं हसायचं काय असतं? आमचं घर इथेच नायगावात, रिक्षावालासुद्धा एवढ्याशा अंतराला कुरकुरतो, पण “नव्या जोडप्याला मोकळीक हवी” म्हणून सासूबाई आमच्या लग्नाआधीच इकडे वृद्धाश्रमात राहायला आल्या. मैत्रिणी म्हणतात, नशीबवान आहेस, घरात सासू नाही! नशीबवान कसली — त्यांना चहात आलं चालत नाही हेही मला तेरेसाकडून कळलं, तोवर मी थर्मास भरभरून आल्याचाच पाठवत होते.

असे बघू नका. येते की मी दर रविवारी. म्हणजे — संग्राम आईला भेटायला वर येतो, मी खाली स्कूटरपाशी थांबते. पार्किंगचा प्रॉब्लेम असतो. बरं, नसतो, तुम्ही गॅलरीतून बघताच. एकदा वर आले होते, तर दोघी एका ताटलीत पोहे खात बसलेल्या. डबा दाराशी ठेवला नि उतरले. मग माप कसं कळणार त्यांना? आज मुद्दाम एकटी आले, हळदीकुंकवाला घरी चला म्हणायला, तर हे. आणि म्हणायचं तरी काय म्हणून? हाकच मारलेली नाही अजून, ‘अहो’वर भागवते. कुणाला सांगू नका हं, तुम्हाला कुठे ऐकू — काका? मशीन कधी घातलंत? हसताय काय? दाराकडे बोट नका दाखवू, त्या बघतायत —

जाते. जातेच.

“आई! चिंचपेटीला अजून हलवा लागेल, माझा गळा हिच्याहून जाड आहे. तेरेसा, तू हो बाजूला.”