मी दुरुस्त केलेला मसुदा

या निरोप समारंभाचे अध्यक्ष, परवाच पदभार स्वीकारलेले आपले नवे मुख्य सरकारी वकील साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले वकील संघाचे माननीय अध्यक्ष. एका आदेशाने सेवामुक्त झालेल्या सात सरकारी वकिलांपैकी येऊ शकलेले तिघे, त्यांत आमच्या ज्येष्ठ मॅडम. आणि कार्यालयातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मुख्य लिपिकाच्या हाती माइक देऊ नये, तो जावक क्रमांकापासून सुरुवात करतो, असं मॅडमच म्हणायच्या. तर आदेश निघाला दोन महिन्यांपूर्वी, गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. सात नावं, एक परिच्छेद. तेव्हापासून वर्तमानपत्रांना दुसरा विषय नाही. एक बाजू म्हणते, आधीच्या सरकारची माणसं होती, गेली. दुसरी म्हणते, वसतिगृहाचा खटला दाबायचाय. छत कोसळून चार मुली गेल्या, तो खटला. मॅडम चालवत होत्या. या वादात मी पडणार नव्हतो. माझी ती पायरी नाही.

मी दहावीपर्यंत शिकलो. कायदा शिकलो तो फायलींच्या नकला उतरवता उतरवता. शाळेत कधी शिकवलं नाही, तरी नियम अडला की भले भले वकील "मास्तर, जरा बघता का?" म्हणत माझ्या टेबलाशी येतात. अभिमान वाटतो. खोटं कशाला बोलू?

आदेशाच्या आदल्या दिवशी वरच्या कार्यालयातून फोन आला. "मास्तर, एक मसुदा पाठवतोय. तुमची नजर बारीक. नियम तेवढा बघा."

मसुद्यात नियम नऊ लिहिला होता. नऊ म्हणजे कामात कसूर केली म्हणून काढणं. त्याला आधी नोटीस लागते, समोरच्याचं म्हणणं ऐकावं लागतं. यातलं काही झालंच नव्हतं. शेवटी कारणही दिलेलं: "वसतिगृहाच्या खटल्यात वरिष्ठांच्या सूचना न पाळल्यामुळे."

मी काय केलं असेल? लाल पेनाने नऊ खोडून अकरा केला. अकरा म्हणजे कारण न देता सेवा समाप्त. त्यात कारण बसत नाही, म्हणून त्या ओळीवर रेघ मारली. समासात लिहिलं, "आता निर्दोष." नावं नव्हती का त्यात? होती की! मॅडमचं तिसरं. सगळ्यांची आद्याक्षरं बरोबर आहेत ना, तेही तपासलं.

पुन्हा फोन आला. "मास्तर, तुम्ही नसतात तर तोंडघशी पडलो असतो!" आणि अध्यक्षमहाराज, मी खूश झालो.

घरी सांगितलं, तर बायको जेवता जेवता थांबली. "दुसऱ्याची चूक दिसली की तुमचा हात शिवशिवतो. तशीच राहू दिली असती तर?"

तर आदेश कोर्टात पहिल्याच दिवशी उडाला असता.

वसतिगृहातल्या त्या चौघींपैकी एकीचे वडील शिंपी आहेत. वाचता येत नाही. अजून दर तारखेला येतात, मॅडमच्या कुलूप लावलेल्या खोलीसमोर बाकावर बसतात. "मास्तर, मॅडम आल्या का?" मी म्हणायचो, "रजेवर आहेत." मागच्या तारखेला त्यांनी विचारलं, "रजा किती दिवसांची?" रजेचे सगळे नियम मला तोंडपाठ. मी समोरची फाईल उघडून तीत डोकं घातलं. आता बाक रिकामा असला तरी मी तिथून खाली मान घालून जातो. विचारल्याचं ऐकू येतंच.

मॅडमनी आदेशाला आव्हान दिलंय. सरकार म्हणतं, कुणावर ठपका नाही, साधी सेवासमाप्ती आहे. वर दुरुस्तीची नक्कल गेली होती, मूळ मसुदा माझ्याकडे राहिला होता. माझ्या रेघेखालची ओळ स्वच्छ वाचता येते. आज सकाळी प्रतिज्ञापत्रासह तो मॅडमच्या वकिलांना दिला, पोच घेतली. अध्यक्षमहाराज, माझ्यावर कारवाई होईल. ती कोणत्या नियमाखाली करायची, हे या वेळी मला विचारू नका.

मागे दाराजवळ शिंपीभाऊ बसलेत. मीच बोलावलं. भाऊ, मॅडम रजेवर नव्हत्या. त्यांना काढलं, आणि ते कागदावर नीट बसवून दिलं मी.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. मॅडम, भाऊ, तुम्ही दोघांनी मात्र घालू नये.